वहिवाट

बोरीत आमच्या तीन घरांमधून
एक वाट खाली झरीकडे जाते.
जात होती, म्हणावं.
कागदावर ती तिघांची,
फोंड्याच्या कोर्टात अकरा वर्षं दोघांची,
आणि जमिनीवर पाहाल तर
रानमोडीची, घाणेरीची,
एका मुंगसाची.

नळ आले तेव्हा कळशा चढायच्या थांबल्या.
वाट कुणी बंद केली नाही,
नुसतं कुणी गेलं नाही.

दसरा उलटला, पाऊस ओसरला,
मी पोत्याचे तुकडे पिंडऱ्यांना बांधले
आणि खुरपं घेऊन वरच्या पायरीवर बसले.
ठरवून नाही. बँकेतून निवृत्त होऊन महिना झाला होता
आणि बोटं अजून नोटा मोजत होती.

पहिल्या दिवशी अडीच पायऱ्या.
लाजाळूला हात लावला की आधी मिटते
आणि मग टोचते.
अशी माणसं मी काउंटरवर खूप पाहिली.

खिडकीत आवेलिन. वय ब्याऐंशी,
गुडघे निकामी, नजर घारीची.
"तें तण न्हय गो, ब्राह्मी ती!
तें काड. तें दवर. ना, ना, दवर तें!"
तिचं ऐकत गेले असते
तर वाट सोडून सगळं राहिलं असतं.
तेऱ्याच्या पानांना हात लावू दिला नाही तिनं.
टाकळा मात्र सुकून शेंगांवर आला होता, तो गेला.

मातीखाली सापडलं ते असं:
कपाचा कान,
सोड्याच्या बाटलीतली गोटी,
आणि आठव्या पायरीच्या कडेला, चिऱ्यात,
वाटीएवढा खळगा.
इथं कळशी टेकून श्वास घेत सगळ्याजणी.
माझी आई. आवेलिन.
आणि खालच्या घरातल्या वामनची आई,
जिचं नाव आमच्याकडे अकरा वर्षं कुणी घेतलं नाही.
सत्यवती.
मी ते एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं.

चौथ्या दिवशी खालून वाट साफ झालेली दिसली.
नऊ पायऱ्या. कोयत्यानं, सपासप,
मुळं तशीच आत ठेवून.
मला राग आला तो आधी ह्याचाच.
मुळं ठेवतात का कधी?
आठ दिवसांत परत उभं राहतं सगळं,
त्यापेक्षा कोर्टाची तारीख उशिरा येते.

आवेलिनला विचारलं, कोण आलं होतं?
"म्हाका दिसना गो," म्हणाली तीच,
जिला वीस हातांवरची ब्राह्मी दिसते.

मी त्या नऊ पायऱ्यांची मुळं उपसली.
दुसऱ्या दिवशी माझ्या बाजूचा कललेला चिरा,
जो मला जागचा हलला नव्हता,
सरळ बसलेला. खाली दगडाची पाचर,
फोडलेली बाजू अजून लाल.

असे तीन दिवस. तो पहाटे, मी चारनंतर,
एकमेकांच्या चुका सुधारत.
ओल्या मातीत रबरी चपलेचा ठसा,
उजवी टाच झिजलेली.
लहानपणीही तो असाच चालायचा, फरफटत.

मधल्या दोन पायऱ्या राहिल्या
आणि मी खुरपं धुऊन घरी आले.
त्यानंही कोयता धुतला असावा.
तिथली हरळ अजून आहे,
वीतभर, हिरवीगार.
मी काढत नाही. तोही.

झरीवर आता कुणाचं अडलेलं नाही.
पाणी आहे, बेडूक आहेत.
काल त्या वाटेनं पहिल्यांदा कोण गेलं म्हणाल,
तर आवेलिनची कोंबडी, मागे सहा पिल्लं.
हरळीत घुसली, खरडलं, काहीतरी टिपलं,
आणि टुणटुण उतरली
खालच्या आवारात.

आवेलिन खिडकीतून ओरडली,
"वामना, म्हजी कोंबी धर रे!"

खालून जरा वेळ काही नाही.
मग घसा साफ केल्याचा आवाज,
आणि,
"धाडटां वयर."

वर म्हणजे माझ्याच बाजूला.
मी ओले हात पदराला पुसले
आणि पुन्हा पुसले.